देशी अवजारे घ्यावीत की बाहेरची? खानदेशातील शेतकरी, फिटर आणि वायरमन नेहमी विचारतात ते प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात हाताने वापरायच्या अवजारांचा बाजार आता तीन प्रकारच्या मालाने भरलेला आहे: नाव असलेला देशी माल, नाव असलेला परदेशी माल आणि 'इम्पोर्टेड' म्हणून विकला जाणारा बिननावाचा माल. खरी गल्लत तिसऱ्या प्रकारामुळे होते. खालची उत्तरे पाने, पकडी, छाटणीच्या कात्र्या, विळे-कोयते आणि मोजमापाच्या साधनांपुरती आहेत. विजेवर चालणाऱ्या मशिनांचा विषय यात घेतलेला नाही.

थोडक्यात सांगा, देशी घ्यावे की परदेशी?

पाने, पाइप पाने, हातोड्या, कानशी, छिन्न्या, पहार, टिकाव, फावडी हे सगळे देशी घ्या. विळा, कोयता, खुरपे जवळच्या लोहाराकडून घ्या. छाटणीची कात्री दिवसभर चालवायची असेल, चालू लाइनवर काम करायचे असेल किंवा मिलिमीटरच्या शंभराव्या भागातले माप घ्यायचे असेल, तर बाहेरच्या मालाला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. बिननावाचा 'इम्पोर्टेड' सेट मात्र कुठल्याच कामाला घेऊ नका. चाळीस नगांच्या चकचकीत पेटीतले पाच नगही वर्षभर टिकत नाहीत.

देशी माल नेमका कुठे बनतो?

पाने-पकडींचा सर्वांत मोठा व्यवसाय पंजाबात जालंधर आणि लुधियाना या दोन शहरांत आहे. राजस्थानातल्या नागौरला पकडी, हातोड्या आणि सोनारी-सुतारी अवजारांचे छोटे कारखाने खूप आहेत. महाराष्ट्रही मागे नाही. टपारियाचा कारखाना नाशिकच्या सातपूरला आहे आणि जे. के.च्या कानशी रत्नागिरी-चिपळूणकडे बनतात. म्हणजे धुळ्याच्या दुकानातला टपारियाचा पाना दीडशे-दोनशे किलोमीटरवरून आलेला असू शकतो. नग खराब निघाला तर बदलून मिळणे सोपे जाते, ते याच जवळिकीमुळे.

डब्यावर परदेशी कंपनीचे नाव आहे, म्हणजे माल परदेशीच ना?

तसे धरून चालू नका. जालंधर-लुधियान्याचे कारखाने कित्येक वर्षांपासून परदेशी कंपन्यांसाठी त्यांच्या नावाने माल बनवून पाठवतात. उलट काही देशी नावांच्या पेटीतले रॅचेट (एकाच दिशेने अडणारे दांडे) किंवा गोटी पाने तैवान-चीनमधून आलेले असतात. डब्याच्या मागची बारीक अक्षरे वाचा. आयात मालावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, उत्पादनाचा देश, एमआरपी आणि महिना-वर्ष छापणे वजनमापे कायद्याखाली बंधनकारक आहे. यातले काहीच नसेल आणि दुकानदार नुसते 'जर्मन आहे' म्हणत असेल, तर तो डबा खाली ठेवा. तैवानमध्ये बनला म्हणून माल हलका, हा समजही चुकीचा आहे. रॅचेटच्या बाबतीत तिथला माल फार चांगला येतो.

पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेले आहे. मग तो चांगलाच असणार?

अक्षरे कोरायला कोणी अडवत नाही. शिवाय पोलाद खरोखर त्या जातीचे असले तरी अर्धेच काम झालेले असते. उरलेले अर्धे काम भट्टीचे. पाना घडल्यावर तो तापवून तेलात बुडवतात (त्याने तो कडक होतो) आणि मग पुन्हा कमी आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. दुसऱ्या पायरीला वेळ कमी दिला तर पाना कडक पण ठिसूळ राहतो आणि जोर लावताच तोंडाचा टवका उडतो. पहिल्या पायरीत घाई झाली तर तो मऊ राहतो आणि जाम नटावर त्याचे तोंड फाकते. चांगल्या पान्याचा कडकपणा साधारण ४० ते ४८ एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचे एकक) असतो, पकडीच्या कापायच्या धारेचा ५५ ते ६२ च्या आसपास, आणि कानशीचा त्याहूनही जास्त. त्यामुळे दोन पान्यांवर तीच अक्षरे असली तरी एकाचे आयुष्य वीस वर्षे आणि दुसऱ्याचे वीस दिवस असू शकते.

मग दुकानात उभ्या उभ्या पाना पारखायचा कसा?

खिशात एम-१० चा (१० मिमी जाडीचा), ८.८ ग्रेडचा (ही ताकदीची प्रत), कोरा बोल्ट घेऊन जा. त्याचे डोके जुन्या मापात १७ मिमी असते. बोल्ट चांगल्या कंपनीचाच हवा, कारण हलक्या बोल्टचे डोकेच कमी मापाचे असते आणि मग दोष पान्याला लागतो.

१७ च्या पान्याचे तोंड बोल्टवर सरकवा. ते हलके पण सैल न होता बसले पाहिजे. आता बोल्ट घट्ट धरून पाना डावीकडे-उजवीकडे हलवा. खुळखुळ जाणवली किंवा मूठ बोटभर हलूनही बोल्ट फिरला नाही, तर तो पाना नटाचे कोपरे खाणार. तोंडाच्या आतल्या दोन्ही बाजू उजेडात धरून पाहा. त्या एकमेकींना समांतर आणि घासून सपाट केलेल्या हव्यात, आत क्रोमचे थेंब किंवा खडबडीतपणा नको.

मग कडेने पाहा. घडाई केलेल्या पान्यावर साच्याच्या जोडाची रेघ बारीक असते आणि बहुधा घासून काढलेली असते. ओतीव मालावर ती जाड, उंच-सखल दिसते आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकासारखी छिद्रे असतात. पाना दोरीने टांगून दुसऱ्या पान्याने टोकला तर घडाईचा माल घंटेसारखा लांब वाजतो आणि ओतीव माल 'ठप्प' करून थांबतो. ही शेवटची परीक्षा मदतीला घ्या, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका.

पाना विकत घेतल्यावर घरी दांड्याच्या टोकाला कानस एकदा घासा. कानस थोडी रोवली आणि जोर लावल्यावर किंचित कीस निघाला, तर ठीक. शिसपेन्सिलीसारखी सहज कापत गेली तर पाना मऊ आहे.

पकडीत काय पाहावे?

पक्कड मिटून आकाशाकडे धरा. कापायच्या धारेतून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग वर्तमानपत्राचा एक पदर त्या धारेत धरून कापा. धारेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागद सुटला पाहिजे. कुठे दुमडून अडकला तर तेवढ्या जागी धारा भिडत नाहीत आणि बारीक तांब्याच्या तारा तिथेच चेंगरतील. एका हाताने उघडझाप करून पाहा. रिव्हेटपाशी आडवी हालचाल नको आणि जबडा जडही नको.

आठ इंची देशी पक्कड या सगळ्या कसोट्या आरामात पार करते. जर्मनीच्या वुपरटालमध्ये बनणारी निपेक्सची पक्कड कैक पट महाग पडते. तिचा फरक कडक तार कापताना आणि दिवसात शेकडो वेळा दाबताना जाणवतो. रोज पॅनेल भरणाऱ्या वायरमनला तो खर्च परवडतो, घरच्या डब्याला नाही. आणि पक्कड कुठलीही असो, तिने क्लचची केबल, सायकलचा स्पोक किंवा स्प्रिंगची तार कापू नका. धारेला जी खाच पडते ती घासून जात नाही.

आठ पान्यांच्या सेटने सगळी वाहने उघडतात का?

नेहमीचा देशी सेट ६×७ पासून २०×२२ पर्यंत आठ पान्यांचा असतो आणि त्यावर बहुतेक काम निघते. गोंधळ होतो तो डोक्यांच्या मापात. जुन्या जर्मन मापाप्रमाणे एम-१० ला १७ आणि एम-१२ ला १९ चा पाना लागतो. नव्या आंतरराष्ट्रीय मापात तेच १६ आणि १८ झाले. जपानी गाड्यांत एम-८ ला १२ आणि एम-१० ला १४ लागतो. म्हणून मोटारसायकलवाल्याला १२ आणि १४ चे रिंग पाने चांगल्या प्रतीचे हवेत, बाकीचे साधे चालतील. जुन्या ट्रॅक्टरांवर इंची बोल्ट आहेत. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्ट-डोक्यावर (१२.७ मिमी) बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावल्यावर कोपरे गोल करतो. अशा ट्रॅक्टरसाठी इंची सेट वेगळाच घ्या.

वायरमनच्या पकडीवर जाड प्लास्टिक आहे. चालू लाइनवर चालेल का?

नाही. मुठीवरचे प्लास्टिक पकड चांगली बसावी म्हणूनही असते. चालू लाइनवर चालणाऱ्या अवजारावर दोन त्रिकोणांची खूण आणि '१००० व्ही' हे आकडे अंगावरच उमटवलेले असतात. आयईसी ६०९०० या मानकाखाली असे प्रत्येक अवजार १०,००० व्होल्टला तपासून मग बाहेर पडते आणि १००० व्होल्ट एसी किंवा १५०० व्होल्ट डीसीपर्यंतच्या कामाला मान्य असते. देशी कंपन्याही आता अशी अवजारे बनवतात, म्हणून देश पाहू नका, खूण पाहा. आवरणाला चीर गेली, आतला दुसरा रंग दिसू लागला किंवा भोक पडले की ते अवजार चालू लाइनच्या कामातून कायमचे काढा. त्यावर टेप गुंडाळून काम करणारे लोक दिसतात आणि ते पाहून जीव खालीवर होतो.

सौर कृषी पंप आल्यापासून ही काळजी शेतातही लागते. पॅनेलच्या तारांत शेकडो व्होल्ट डीसी असते आणि ऊन आहे तोवर ते बंद होत नाही. एमसी-४ (पॅनेलच्या तारा जोडायच्या) जोडाला ४ किंवा ६ चौ. मिमीच्या तारेवर पिन दाबायला त्याच मापाचा क्रिम्पर वापरा. साध्या पकडीने दाबलेली पिन सैल राहते, तापते आणि मे महिन्यात वितळलेला जोड हाती येतो. पंप चालू असताना जोड ओढून काढू नका, डीसीची ठिणगी लवकर विझत नाही.

डाळिंब, लिंबू, पेरू यांच्या छाटणीला कुठली कात्री?

बाहेरच्या मालावर खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. देशी सिकेटर (छाटणीच्या कात्र्या) वाईट नसतात आणि २०-२५ झाडांच्या बागेला पुरतात. पण साक्री तालुक्यात डाळिंबाची छाटणी चालते तेव्हा एक माणूस दिवसात हजारो काप घेतो. तिथे हलकी कात्री चार दिवसांत मूठ फोडते, धार बोथट होते आणि फांदी कापण्याऐवजी चिरडते. चिरडलेल्या टोकाची साल उशिरा भरते आणि रोगाला वाट मिळते.

स्विस फेल्को किंवा जपानी एआरएस यांच्या कात्रीत तुम्ही पोलादाबरोबर सुट्या भागांचेही पैसे देता. फेल्कोचे पाते, स्प्रिंग, मधला बोल्ट, सगळे वेगळे मिळते. पाते झिजले तर पाते बदलायचे, कात्री तीच राहते. घेण्याआधी दुकानदाराला स्प्रिंग आणि पाते मागून पाहा. ते त्याच्याकडे नसतील किंवा मागवून देता येत नसतील, तर परदेशी कात्रीचा निम्मा फायदा गेला, मग देशीच घेतलेली बरी.

दोन पाती एकमेकींना घासून जाणारा प्रकार ओल्या, जिवंत फांदीसाठी घ्या. सपाट पट्टीवर पाते आपटणारा प्रकार वाळलेल्या लाकडासाठी असतो, ओली फांदी तो चेंगरतो. बोटाएवढ्यापेक्षा जाड, म्हणजे २०-२५ मिमीच्या पुढची फांदी कात्रीने कापू नका, करवत घ्या. मुठी पिळून कापल्या की मधला बोल्ट ढिला होतो आणि पात्यांत फट पडते. 'कात्री बिघडली' अशी जी तक्रार येते, तिच्या मागे बहुधा हेच असते. बोल्ट पाव फेरा आवळून बघा.

डाळिंबावरचा तेल्या रोग कात्रीवाटे झाडाझाडांत फिरतो, म्हणून झाड बदलताना पाती १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात. ५ टक्क्यांची बाटली असेल तर १ भाग औषध, ४ भाग पाणी. द्रावण रोज ताजे करा, उन्हात त्याचा जोर जातो. पण हे द्रावण पोलाद खाते. संध्याकाळी पाती साध्या पाण्याने धुऊन, पुसून, मशिन ऑइलचे दोन थेंब बोल्टपाशी सोडले नाहीत तर जपानी पातेही आठवड्यात तांबूस होते.

केळीचा कोयता आणि निंदणीचा विळा ऑनलाइन मागवावा का?

मागवू नका. रावेर-यावलच्या केळीत घड उतरवायला लागणारा कोयता, कापसातल्या निंदणीचे खुरपे, पऱ्हाटी उपटायचा चिमटा यांचा आकार इथल्या पिकाने आणि इथल्या काळ्या मातीने ठरवलेला आहे. परदेशी कारखाना तो बनवत नाही. गावचा लोहार किंवा रस्त्याकडेला पाल टाकून भाता चालवणारे घिसाडी तो तुमच्या हाताच्या मापाने घडवून देतात आणि पुढच्या हंगामात नव्याने धार काढून द्यायलाही तेच असतात.

लोखंड मात्र तुम्ही पाहून घ्या. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा उत्तम, सळईचा तुकडा निकामी, कारण सळई धार धरत नाही. पाट्याला आधीच्या वापरातली चीर नको. घडाई झाल्यावर धारेचा भाग लालबुंद करतात. लोहचुंबक चिकटेनासे झाले की तापमान बरोबर आले. मग तो तेलात बुडवायचा. कमानीच्या पोलादाला थंड पाणी दिले तर 'टिंग' असा आवाज होतो आणि धारेत केसाएवढी चीर पडते. आता धार घासून पांढरी करायची आणि पाठीकडून हलकी आच द्यायची. रंग चढत जातो: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. विळ्याला पिवळ्यावर थांबायचे, घाव घालायच्या कोयत्याला तपकिरी-जांभळ्यावर. निळ्यापर्यंत गेले की कोयता धार धरणार नाही.

धार लावताना ग्राइंडरने निळा डाग पडला तर तेवढ्या जागचे पाणी (कडकपणा) गेले. तो भाग हाताच्या दगडाने घासून संपवावा लागतो. म्हणून ग्राइंडर दोन सेकंद लावायचा आणि पाते पाण्यात बुडवायचे. केळीचा चीक वाळला की काळा पडतो आणि त्याखाली गंज धरतो. काम संपताच रॉकेलच्या फडक्याने पुसा.

उन्हाळ्यात कुऱ्हाडीचा दांडा सैल होतो. पाण्यात भिजत ठेवावी का?

भिजत ठेवल्याने दांडा दोन दिवस घट्ट होतो आणि नंतर आधीपेक्षा सैल. ओले लाकूड फुगते, पण भोवती पोलाद असल्याने त्याचे तंतू चेंगरतात, आणि भुसावळच्या ४५ अंशांत पुन्हा वाळले की चेंगरलेले लाकूड आणखी आकसते. दांडा बाहेर काढा, वरचे टोक सपाट करा, पुन्हा बसवून सुकलेल्या कडक लाकडाची पाचर ठोका आणि तिच्यावर आडवी लोखंडी पाचर. टोकाला जवसाचे तेल सलग तीन-चार दिवस पाजा, पाण्यासारखे ते उडून जात नाही.

सातपुड्यातल्या धावड्याचा दांडा झटका सोसतो. बाभळीचाही चालतो. अंजन फार कडक असते, पण जड आणि हाताला धक्का देणारे. लाकडाच्या रेषा घावाच्या दिशेने लांबीत धावतात असा तुकडा निवडा, आडव्या रेषांचा दांडा एक दिवस तुमच्या हातात अर्धाच राहील. परदेशी कुऱ्हाडीचा हिकरी या अमेरिकी लाकडाचा दांडा चांगला असतो, पण तोही कोरड्या हवेत आकसतो आणि बदली दांडा इथे मिळत नाही.

विहिरीतली मोटर काढायला कुठला पाइप पाना?

देशी, जड, स्टिलसन नमुन्याचा, आणि नेहमी दोन. एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने जोड फिरवायचा. १४ इंची पाना २ इंचांपर्यंतचा पाइप धरतो, १८ इंची अडीच, २४ इंची ३ आणि ३६ इंची ५ इंचांपर्यंत. दांड्यात पाइप घालून लांबी वाढवली की दांडा वाकतो किंवा जबडा सुटतो, आणि जबडा सुटला तर माणूस विहिरीच्या काठावर उभा असतो हे विसरू नका. त्यापेक्षा मोठा पाना घ्या. जबड्याचे दात झिजल्यावर खालचा दात वेगळा बदलता येतो, देशी कंपन्यांचा तो सुटा मिळतो.

हॅक्सॉ ब्लेड आणि करवत?

ब्लेड बायमेटल (दोन जातींचे पोलाद जोडलेले) घ्या, देशी चालते. पीव्हीसी पाइपला इंचाला १८ दात, साध्या लोखंडाला २४, पातळ नळी-पत्र्याला ३२. दात पुढच्या बाजूला. छाटणीच्या जपानी करवतीचे दात ओढताना कापतात आणि झाडाच्या ओल्या लाकडात त्या सुंदर चालतात. पण दात फार कडक केलेले असल्याने कानस लागत नाही, पाते बदलावे लागते. देशी करवतीला तिकोनी कानशीने पुन्हा दात काढता येतात.

टॉर्क पाना आणि व्हर्नियर?

टॉर्क पाना (ठरल्या जोराने नट आवळायचा) देशी असो की परदेशी, तपासणीच्या दाखल्याशिवाय घेऊ नका. वर्षातून एकदा किंवा ५००० वापरांनंतर तो पुन्हा तपासावा लागतो. ठेवताना स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणा, त्याखाली नको. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचे साधन) जपानी मितुतोयोची उत्तम, पण तिची नक्कल बाजारात फार आहे. अधिकृत विक्रेत्याचे बिल असेल तरच घ्या.

कर, बिल आणि आयएसआय यांचे काय?

कुदळ, फावडे, विळा, कुऱ्हाड, सिकेटर ही हातांनी चालवायची शेतीची अवजारे ८२०१ या गटात येतात आणि त्यांवर जीएसटी नाही. पाने-पकडींवर १८ टक्के आहे. सिकेटरच्या बिलावर कर दिसला तर दुकानदाराला हा आकडा दाखवा. आयएसआय खूण असेल तर वर मानकाचा क्रमांक असतो: पकडीला आयएस ३६५०, उघड्या तोंडाच्या पान्याला २०२८, रिंग पान्याला २०२९, पाइप पान्याला ४००३. खाली 'सीएम/एल' क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा ते कळते. दोष निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. बिल नसेल तर ही वाट जवळपास बंद होते.

हातात पैसे थोडे आहेत. आधी काय घ्यावे?

आठ इंची पक्कड, आठ रिंग पान्यांचा सेट, १० इंची अ‍ॅडजस्टेबल पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, अर्धा किलोची हातोडी, हॅक्सॉची चौकट आणि २४ दातांची दोन ब्लेड, सगळे देशी, नावाचे, बिलासह. उघड्या तोंडाचे पाने नंतर घ्या. रिंग पाना नटाचे सगळे कोपरे धरतो आणि नट वाचवतो. पावसाळ्याआधी सगळ्यांवर तेलाचा हात फिरवा आणि पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. काळ्या मातीच्या खोलीत जून ते सप्टेंबर ओल खालूनच चढते.